चांद्याचे अरण्य आणि वसाहतीचा उत्तरार्ध : आफ्रिकेतील नववसाहतवादाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

राजकीय स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही एखाद्या देशाची अर्थव्यवस्था परकीय हितसंबंधांच्या दावणीला बांधलेली राहू शकते, हा विचार घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी १९६५ मध्ये नववसाहतवादावरील आपल्या ग्रंथातून मांडला. पुढच्याच वर्षी लष्करी उठावात त्यांची सत्ता गेली. १९७२ मध्ये गयानाचे इतिहासकार वॉल्टर रॉडनी यांनी युरोपने आफ्रिकेला अविकसित कसे केले, याची ऐतिहासिक मांडणी केली. आफ्रिकेच्या इतिहासाच्या अध्यापनात या दोन्ही ग्रंथांचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो. तथापि हाच विचार आपल्या उंबरठ्याशी आणून पाहण्याचा प्रयत्न फारसा होत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्याच्या, दीडशे वर्षांच्या आर्थिक इतिहासाकडे त्या दृष्टीने पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

येथे एक अडचण प्रथमच मान्य केली पाहिजे. आफ्रिकेतील चर्चा परकीय भांडवलाविषयी आहे. चांद्याचे जंगल १९४७ नंतर ज्यांनी वापरले ते परकीय नव्हते. त्यामुळे नववसाहतवाद ही संज्ञा येथे जशीच्या तशी लावणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. मेक्सिकोचे समाजशास्त्रज्ञ पाब्लो गोन्सालेस कासानोव्हा यांनी १९६५ च्याच सुमारास 'अंतर्गत वसाहतवाद' ही संकल्पना विवेचिली, ती अधिक जवळची आहे. मात्र संज्ञेच्या वादापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की, गोरा अधिकारी गेल्यावर जी व्यवस्था मागे उरली ती नेमकी कोणती होती?

मराठी वाचकाला हा प्रश्न अपरिचित नाही. हिंदुस्थानातील संपत्ती इंग्लंडकडे वाहून जाते हा विचार दादाभाई नौरोजींच्या नावाशी निगडित असला, तरी १८४१ मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी 'बॉम्बे गॅझेट'मधील पत्रांतून आणि १८४३ मध्ये रामकृष्ण विश्वनाथ यांनी आपल्या मराठी पुस्तकातून तो स्पष्टपणे मांडला होता. ज. वि. नाईक यांनी या मराठी पूर्वसूरींकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आहे. परंतु या सर्व मांडणीत हिशेबाचे एकक 'देश' हे होते. देशाच्या आत एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशाकडे होणारा ओघ त्या खतावणीत कोठेच नोंदलेला नव्हता, आणि आजही आपण तो सहसा नोंदवीत नाही.

तार, कोळसा आणि सरकारी अरण्य

तिसऱ्या रघुजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि चांदा इंग्रजांच्या अमलाखाली आले. अवघ्या चार वर्षांनी, १८५८ मध्ये, मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी उठाव केला. प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला होऊन गार्टलंड आणि हॉल हे दोघे इंग्रज कर्मचारी मारले गेले. बाबूरावांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. या उठावाचे वीरगाथेच्या अंगाने पुष्कळ लेखन झाले आहे. त्याचे आर्थिक वाचन मात्र व्हावयाचे आहे. तारेची ओळ आणि तिच्या मागोमाग येणारा रस्ता हे या प्रदेशाला बाहेरच्या बाजारपेठेशी जोडणारे पहिले दुवे होते आणि पहिला आघात त्यांच्यावरच झाला, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

१८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हे हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगलाची मालकी सरकारकडे गेली. आठराशे अठ्ठ्याहत्तरचा कायदा विशेष अभ्यासनीय आहे. गावकऱ्यांचा जंगलावरील हक्क नाकारताना त्याने तो 'सवलत' या शब्दात बसविला. हक्क वडिलोपार्जित असतो. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो. डोंगरउतारावरील फिरत्या शेतीला, ज्याला माडिया लोक पेंदा म्हणतात, प्रतिबंध आला. निस्तारासाठी लाकूडफाटा, गवत आणि बांबू किती न्यावा हे सरकारी पत्रकाने ठरू लागले. जंगलकामाला मजूर हवेत म्हणून वनग्रामे वसविण्यात आली. ज्या अरण्यात माणूस धनी होता, त्याच अरण्यात तो मजुरीच्या अटीवर राहू लागला. आलापल्लीच्या सागाची कीर्ती याच काळात पसरली.

खनिजांच्या बाबतीतही असेच घडले. १८७० च्या दशकात सरकारने स्वतः वरोरा येथे कोळशाची खाण काढली आणि त्या कोळशासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वेचा फाटा आणला. म्हणजे रेल्वे माणसांच्या सोयीसाठी नव्हे, तर कोळसा बाहेर नेण्यासाठी आली. १९०६ मध्ये ती खाण बंद पडली. फाटा उरला, खाणगाव ओसाड झाले. (पुढे वरोऱ्याचे नाव आनंदवनामुळे सर्वतोमुखी झाले, त्यापूर्वीचे वरोरा आता कोणास फारसे आठवत नाही.) कच्चा माल जेथे निघतो तेथून बंदराकडे किंवा मुख्य मार्गाकडे जाणारी, परंतु प्रदेशातील गावे एकमेकांस न जोडणारी रेल्वे हे आफ्रिकेच्या वसाहतकालीन नकाशाचे ठळक वैशिष्ट्य रॉडनी यांनी नमूद केले आहे. चांद्याच्या नकाशावर ते हुबेहूब दिसते. विस्तीर्ण गडचिरोली जिल्ह्यात दीर्घकाळ देसाईगंज, म्हणजे वडसा, एवढेच काय ते रेल्वेस्थानक होते.

लोखंडाची कथा मात्र निराळी आहे. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्झ या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील, विशेषतः लोहारा येथील, लोहखनिजावर अहवाल दिला. तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि त्यांच्या मनात पोलाद कारखान्याचा संकल्प दृढ झाला. वरोऱ्याचा कोळसा त्या कामी उपयोगी नव्हता आणि खनिज-परवान्याच्या तत्कालीन अटीही जाचक होत्या. १८९९ मध्ये धोरण सैल झाल्यावर टाटांनी चांद्यात पुन्हा शोध घेतला. अमेरिकन भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड यांना खनिज चांगले आढळले. पण ते विखुरलेले, आणि योग्य कोळसाही जवळ नव्हता. त्यानंतर नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींच्या दृष्टीस पडलेल्या भूवैज्ञानिक नकाशाने शोध दुर्ग जिल्ह्याकडे आणि अखेर मयूरभंजकडे वळला. १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली. राष्ट्रवादी इतिहासलेखनात ही देशी उद्यमाच्या विजयाची कथा आहे, आणि ती तशी आहेही. तरीही लोहाऱ्याच्या टेकडीवर कोणाचा हक्क आहे, हा प्रश्न जर्मन तज्ज्ञाने, इंग्रज सरकारने किंवा देशी उद्योजकाने, यांपैकी कोणीही विचारला नाही, ही बाबही तिच्यातूनच दिसते. परवाना कोणी द्यावा एवढाच वाद होता.

बांबूचा करार

१ एप्रिल १९५१ रोजी चांदा जिल्ह्याने मध्य प्रदेश राज्याचा भाग म्हणून एक मोठे स्थित्यंतर अनुभवले. आदल्या वर्षीच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानुसार जमीनदाऱ्या संपुष्टात आल्या आणि अहेरीसारख्या जमीनदारीची जंगले सरकारच्या ताब्यात गेली. जमीनदारी संपणे हे न्याय्यच होते. पण जमीनदाराकडून जे निघाले ते गावाकडे आले नाही. ते वनखात्याकडे गेले. १९२७ च्या वनकायद्याची चौकट अबाधित राहिली. १९५६ मध्ये जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा झाला, कायदा तोच.

या चौकटीत स्वतंत्र भारतातील सर्वांत मोठी देवघेव झाली ती बांबूची. १९४५ मध्ये बल्लारपूर येथे कागद व पुठ्ठ्याचा कारखाना स्थापन झाला. वर्धा नदीचे पाणी, हाताशी कोळसा, दिल्ली-मद्रास रेल्वेमार्ग आणि पूर्वेकडे अफाट बांबू. स्थाननिश्चिती निर्दोष होती. बांबू मिळत असे तो दीर्घ मुदतीच्या सरकारी करारांनी. आयात घटविणे आणि शिक्षणासाठी स्वस्त कागद उपलब्ध करणे हे त्या काळचे राष्ट्रीय उद्दिष्ट होते. आपण सर्वांनी ज्या वह्यांवर अक्षरे गिरविली त्यांत या बांबूचा वाटा आहे. देशभर धोरण हेच होते. कर्नाटकात दांडेलीच्या कागद गिरणीला बांबू टनामागे एक-दीड रुपयाच्या आसपास मिळत असताना बुरुडाला बाजारात त्याच बांबूसाठी कित्येक पटींनी अधिक किंमत मोजावी लागे, हे माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी दाखवून दिले आहे. चांद्यातही बुरुड कारागिराला ओळखपत्रावर मोजके बांबू मिळत आणि तेही वेळेवर मिळण्याची हमी नसे. सूप, टोपली, तट्टा विणणाऱ्याच्या उपजीविकेला कोटा होता. गिरणीला वनखंड होते.

लायबेरियात १९२६ मध्ये फायरस्टोन कंपनीला रबराच्या मळ्यांसाठी ९९ वर्षांच्या कराराने १० लाख एकरपर्यंत जमीन, एकरी सहा अमेरिकी सेंट दराने, देऊ करण्यात आली. लायबेरिया तेव्हाही स्वतंत्र राष्ट्र होते! दोन्ही उदाहरणांचा तपशील भिन्न आहे, परंतु कराराची घडण एक आहे. मुदत प्रदीर्घ, दर नाममात्र, आणि ज्यांच्या जमिनीवरचा तो करार, ते त्यात पक्षकार नाहीत. जो पक्षकारच नाही त्याला कराराचा भंग झाला अशी तक्रारही करता येत नाही.

या इतिहासाला एक अनपेक्षित शेपूटही आहे. बल्लारपूरच्या कंपनीने २००७ मध्ये मलेशियातील सबाह राज्यात, म्हणजे बोर्निओ बेटावर, वनसवलती असलेली एक लगदा व कागद कंपनी विकत घेतली. पुढे कर्ज वाढून २०२० मध्ये ही भारतीय कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि बल्लारपूरच्या कामगारांनीही त्याची झळ सोसली. ज्या उद्योगाचे मूळ चांद्याच्या बांबूत होते, तो दुसऱ्या देशातील अरण्याचा परकीय सवलतधारक झाला, याची नोंद इतिहासकाराने घेणे आवश्यक आहे.

आफ्रिकेचा आरसा

येथे आफ्रिकेच्या अनुभवाकडे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. काँगो ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला आणि ११ जुलैला तांब्याने समृद्ध काटांगा प्रांताने फुटून निघण्याची घोषणा केली. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या 'युनियन मिनिएर' या बेल्जियन खाणकंपनीचे महसूल त्या फुटीर सरकारच्या पाठीशी होते. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची १७ जानेवारी १९६१ रोजी काटांगातच हत्या झाली. हे उघड बळाचे उदाहरण. याहून सूक्ष्म उदाहरण चलनाचे आहे. फ्रान्सने १९४५ मध्ये सुरू केलेला सीएफए फ्रँक पश्चिम व मध्य आफ्रिकेतील अनेक राष्ट्रांत स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला आणि त्या राष्ट्रांच्या परकीय गंगाजळीचा मोठा भाग पॅरिसच्या कोषागारात ठेवावा लागे. पश्चिम आफ्रिकेपुरती ही अट रद्द करण्याचा निर्णय २०१९ मध्ये जाहीर झाला; म्हणजे स्वातंत्र्यानंतर जवळपास साठ वर्षांनी.

झांबियाचे उदाहरण आपल्याला अधिक अस्वस्थ करणारे आहे. तेथील तांब्याच्या खाणी १९७० च्या आसपास राष्ट्रीयीकृत झाल्या. तांब्याचे भाव कोसळले, कर्ज वाढले आणि आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांच्या अटींखाली २००० पर्यंत त्यांचे खासगीकरण झाले. विकास-करारांत स्वामित्वधनाचा दर ०.६ टक्का इतका खाली आणण्यात आला. २००४ मध्ये त्यांपैकी कोंकोला खाणींतील ५१ टक्के हिस्सा 'वेदांत' या मूळच्या भारतीय उद्योगसमूहाने घेतला. २०१९ मध्ये झांबिया सरकारने खाणींचा ताबा घेतला आणि दीर्घ वादानंतर २०२४ मध्ये त्या पुन्हा वेदांतकडे गेल्या. दरम्यानच्या काळात इथिओपियाच्या गांबेला भागात बंगळूरच्या करुतुरी कंपनीने प्रचंड शेतजमीन भाडेपट्ट्याने घेतल्याचा वाद जगभर गाजला. दादाभाईंचा वारसा सांगणाऱ्या देशाचे भांडवल आता ओघाच्या दुसऱ्या टोकाशीही उभे आहे. तेव्हा शोषक म्हणजे गोरा युरोपीय, हे समीकरण अभ्यासकाने बाजूला ठेवलेले बरे. एन्क्रुमांच्या विवेचनाचा गाभा वर्णात नाही. किंमत कोठे ठरते, प्रक्रिया कोठे होते आणि करारावर सही कोणाची असते, या तीन प्रश्नांत तो आहे.

हेच तीन प्रश्न चंद्रपूरला लावून पाहावेत. येथील महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. वीज राज्याच्या जाळ्यात जाते, राख येथे राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या स्थानी होते. यावर अधिक भाष्याची गरज नाही.

वाहतूक परवाना

मात्र एका बाबतीत हा प्रदेश आफ्रिकेहून निश्चित वेगळा ठरला. १९८० च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टनम धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. लालश्याम शाह महाराज आणि बाबा आमटे यांचा त्यात सहभाग होता. त्याच वातावरणात धानोरा तालुक्यातील लेखा-मेंढा या लहानशा गोंड गावात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नाने ग्रामसभा व अभ्यासगट आकारास आले. सर्वसहमतीशिवाय निर्णय नाही, हा तेथील नियम. कागद गिरणीसाठी होणाऱ्या बांबूतोडीला या गावाने विरोध केला.

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मान्य झाला. कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले होते. १९२७ च्या वनकायद्याच्या व्याख्येत मात्र बांबू 'वृक्ष' होता. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू गवत आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक. परंतु या व्याख्येच्या आधारे जवळजवळ दीड वर्ष गावाला बांबू विकण्याचा वाहतूक परवाना मिळाला नाही. मालकी मान्य, तोड मान्य, पण जंगलाबाहेर नेण्याचा कागद वनखात्याच्या हाती! परवान्याशिवाय माल कोणी घेत नाही, आणि न विकता येणाऱ्या मालाची मालकी ही केवळ शोभेची. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यास येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. त्या समारंभाच्या छायाचित्रांपेक्षा ते पुस्तक हे अधिक मोलाचे ऐतिहासिक साधन आहे. १८७८ मध्ये हक्काची सवलत झाली होती. येथे तिचा पुन्हा हक्क झाला, आणि हा बदल एका छापील पुस्तकाने घडविला.

तदनंतर गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. १९९६ च्या पेसा कायद्याचे राज्याचे नियम २०१४ मध्ये आले आणि अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करू लागल्या. १९६९ च्या राज्य कायद्याने हा व्यापार शासनाच्या एकाधिकारात होता. तोडणाऱ्या बाईला पुड्यामागे मजुरी मिळे आणि शासनाचे स्वामित्वशुल्क वेगळेच जमा होई. आता मजुरी व स्वामित्वशुल्क दोन्ही ग्रामसभेकडे येऊ लागले. २०१७ च्या हंगामात चढे भाव मिळाले. पुढच्या वर्षी ते घसरले. काही कंत्राटदारांनी रकमा थकविल्या, आणि त्या वसूल करण्याचे साधन ग्रामसभेकडे नव्हते. फडी गावात आहे, पण भाव विडी कारखानदारांच्या बाजारात ठरतो, खेळते भांडवलही तिकडूनच येते. घानाच्या शेतकऱ्याच्या कोकोचे असेच आहे. मालकी परत मिळविणे ही पहिली पायरी झाली. साठवण, पत आणि भावाची माहिती या पुढील पायऱ्या अद्याप बऱ्याच अंशी चढावयाच्या आहेत.

सुरजागड

लोहाऱ्याचे लोखंड राहिले, ते एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर निघू लागले. या डोंगरावर ठाकुरदेवाचे स्थान असून सुरजागड पारंपरिक इलाख्यातील सत्तर गावांचे लोक जानेवारीत तेथे यात्रेला येतात. २००७ मध्ये 'लॉइड्स मेटल्स' कंपनीला सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मंजूर झाला. वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. वनहक्क कायदा संसदेत संमत झाला होता, अंमल सुरू व्हावयाचा होता. लोहखनिजाचे स्वामित्वधनही तेव्हा किमतीच्या टक्केवारीने नव्हे, टनामागे ठरावीक रुपयांत होते. टक्केवारीची पद्धत २००९ मध्ये आली. प्रत्यक्ष उत्खनन २०१६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माओवाद्यांनी खाणीवरील सुमारे ८० वाहने जाळली. २०२१ पासून खाण पुन्हा पूर्ण वेगाने चालू झाली आणि २०२३ मध्ये तिची वार्षिक क्षमता ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यास मंजुरी मिळाली.

न्यायाची बाब म्हणून हे नमूद केले पाहिजे की, आरंभी खनिज चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्गुसकडे जात असे. आता चामोर्शी तालुक्यात कोनसरी येथे प्रक्रिया प्रकल्प उभा राहिला असून स्थानिक तरुणांना तेथे रोजगार मिळाला आहे. काटांगाने शंभर वर्षांत जे फारसे पाहिले नाही, ते येथे काही प्रमाणात घडले. २०१५ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधीही जिल्ह्यातच राहतो. म्हणून केवळ कच्च्या मालाची निर्यात एवढाच आक्षेप घेणाऱ्यांचा युक्तिवाद आता अपुरा पडतो. इलाख्यातील ग्रामसभांचा आक्षेप तो नव्हताच. त्यांचा आक्षेप सहीविषयी होता : डोंगराबाबत निर्णय घेताना ग्रामसभेची संमती घेतली गेली नाही, असे त्या सातत्याने मांडत आल्या. दुसरीकडे माओवाद्यांच्या हिंसेमुळे प्रत्येक आक्षेपाकडे संशयाने पाहिले गेले आणि जनसुनावणीत बोलणे हेच धैर्याचे काम झाले. बंदूक दोन्ही बाजूंनी असताना ठराव लिहिणाऱ्याचा आवाज क्षीण होतो.

या ठरावांचा प्रश्न आपल्या व्यवसायाशी थेट निगडित आहे. १८६९ च्या लुसी स्मिथ यांच्या जमाबंदी अहवालापासून १९०९ च्या गॅझेटियरपर्यंत चांद्याचा इतिहास आपण महसूल आणि वनखात्याच्या कागदांतून लिहीत आलो. दुसरी साधने नव्हती. आता ती आहेत. मेंढ्याच्या परवाना-पुस्तकाच्या स्थळप्रती, तेंदू हंगामाच्या ग्रामसभेच्या रोजकीर्दी, सुरजागड इलाख्यातील ठरावांच्या वह्या, थकबाकीसाठी कंत्राटदारांना धाडलेल्या नोटिसा. यांतील बरेचसे कागद गोंडी-माडिया बोलणाऱ्या तरुणांनी मराठीत लिहिलेले असून ते गावातील पत्र्याच्या पेटीत, वाळवी आणि पावसाच्या भरवशावर पडून आहेत. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातील महाविद्यालयांनी ग्रामसभांच्या अनुमतीने त्यांच्या प्रती करून घेण्याचे काम हाती घ्यावे. मूळ प्रती मात्र गावातच राहाव्यात.